कळ बंद आहे

फ्रीज घरात आला तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराची चौकट काढावी लागली. बालीगंजमधला आमचा फ्लॅट जुना, खोल्या ऐसपैस आणि दारं मात्र अरुंद. धाकट्या भावाने पाठवलेलं ते दोन दारांचं धूड काही केल्या आत शिरेना. हमाल जिन्यात घाम पुसत उभे. मी भावाला फोन केला, तर न्यू टाउनमधल्या ऑफिसातून तो म्हणाला, "ताई, थोडं अ‍ॅडजस्ट कर ना." हे त्याचं आवडतं वाक्य. मग सुतार बोलावला, चौकट काढली, फ्रीज आत घेतला, चौकट परत बसवली. ती अजून नीट बसलेली नाही, दार खाली घासतं.

फ्रीज बाबांसाठी होता. बाबांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून तीनदा मी त्यांना डायलिसिसला नेत होते. अशा माणसाला पाणी मोजून मिळतं. सकाळी एक बाटली भरायची आणि दिवसभराचा चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातून वजा करत जायचं. कोलकात्याच्या वैशाखात नुसतं बसून राहिलं तरी पाठ भिजते. अशा हवेत बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्या बाटलीकडे बघत असायचे. डायलिसिसच्या तिथल्या एका सिस्टरने सांगितलं की पाण्याऐवजी बर्फाचा खडा द्या, तेवढंच पाणी तोंडात जास्त वेळ टिकतं. ते खरं निघालं. तेव्हापासून आमच्या घरात बर्फाला औषधाचा मान आला.

पण बर्फ मागावा लागायचा, आणि बाबांना मागायची सवय नव्हती. जन्मभर कारखान्यात बॉयलर सांभाळलेला माणूस. त्यांच्या होकाराशिवाय तिथे वाफ सुटत नसे. आता चष्मा मागायचा, चप्पल मागायची, बाथरूमला जायला हात मागायचा. प्रत्येक वेळी मागताना ते दुसरीकडे बघत. मला त्याचा राग यायचा, त्यांचा नव्हे, त्या सगळ्या अवस्थेचा, आणि तो राग बहुतेक माझ्या आवाजात उतरत असणार, कारण मी शाळेत शिकवून यायचे, वह्यांचा गठ्ठा खाली ठेवायच्या आत कामाला लागायचे आणि गोड बोलायला शिल्लक काही राहत नसे.

म्हणून त्या फ्रीजला मी नावं ठेवली तरी एक गोष्ट कबूल केली. त्याच्या दारात एक खाच होती, खाचेत एक पट्टी. पट्टीवर भांडं टेकवलं की आतून घरघर व्हायची आणि बर्फाचे खडे खळ्ळकन भांड्यात पडायचे. दारातून फक्त बर्फ, पाणी नाही, हे भावाने मुद्दाम बघून घेतलं होतं. मागच्या बाजूने एक बारीक पाण्याची लाइन जोडलेली, त्यातून पाणी आपोआप आत जायचं आणि बर्फ व्हायचा. बाबा भिंतीला हात लावत लावत जायचे, आपलं स्टीलचं फुलपात्र टेकवायचे, दोन-तीन खडे घ्यायचे आणि परत खुर्चीत येऊन बसायचे. कुणाला विचारायचं नाही, कुणाला हाक मारायची नाही. आतल्या खोलीत वह्या तपासताना तो खळ्ळ आवाज आला की मला बरं वाटायचं. भावाला त्याबद्दल मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क दिले होते, आणि मार्क देण्याच्या बाबतीत माझी ख्याती काय आहे ते शाळेत कुणालाही विचारा.

दोन महिने बरे गेले. मग डायलिसिसच्या आधी करतात त्या वजनात वाढ दिसू लागली. अंगात पाणी साठतंय, डॉक्टर म्हणाले, हृदयावर ताण येईल. नेमका त्या दिवशी भाऊ सोबत आला होता. परतताना गाडीत बाबांना झोप लागली आणि तो हलक्या आवाजात मला म्हणाला, "ताई, तुझं लक्ष नाहीये. ते बर्फ खात सुटलेत."

"मी दिवसभर शाळेत असते."

"मग बाई ठेव कुणीतरी."

"बाई आहे. ती बाबांचा हात धरून फ्रीजपासून ओढून नेणार आहे का? तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतात."

तो बायपासच्या गर्दीकडे बघत राहिला. "मी बघतो काहीतरी," म्हणाला. हे त्याचं दुसरं आवडतं वाक्य.

पुढच्या रविवारी तो आला. रविवार हा आमच्याकडे सण असतो. बाबा सकाळपासून दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसतात. तो आला की त्यांचा आवाजसुद्धा बदलतो, कारखान्यातला जुना आवाज परत येतो. मी आठवडाभर असते, माझ्यासाठी कुणी दाढी करत नाही. असो. भावाने बाबांशी क्रिकेटवर गप्पा मारल्या, मोबाइलवर नातवाचे फोटो दाखवले, मग स्वयंपाकघरात येऊन फ्रीज थोडा पुढे ओढला आणि मागे हात घालून काहीतरी चाचपलं. मी कणीक मळत होते. "काय रे?" मी विचारलं. "काही नाही, लाइन चेक केली. ठीक आहे सगळं." फ्रीज मागे ढकलला, हात धुतले, जेवला आणि गेला.

दोन-तीन दिवसांनी मी शाळेतून आले तेव्हा बाबा फ्रीजसमोर उभे होते, हातात फुलपात्र. पट्टी दाबली की आत घरघर व्हायची, पडायचं काहीच नाही.

"अगं, कळ बंद आहे," बाबा म्हणाले.

बाबा जुन्या वळणाचे, बटणाला कळ म्हणणारे. मी दोनदा पट्टी दाबून पाहिली. "बघते," म्हटलं. आतली बर्फाची पेटी काढली तर ती कोरडी ठणठणीत. मी भावाला फोन लावला आणि त्याने तिथून, मीटिंगमधून बाहेर येऊन, अगदी आस्थेने मला एकेक गोष्ट सांगितली. मुलांनी दाबू नये म्हणून दारावर लॉक असतो, तो लागलाय का बघ. नव्हता लागला. फ्रीजरचं तापमान कमी कर. केलं. प्लग काढून थोडा वेळ थांब आणि परत लाव. थांबले, लावला, तोवर दूध नासायला आलं. बर्फ करणाऱ्या यंत्राला एक तारेचा दांडा असतो, तो वर अडकला की बर्फ बनत नाही, तो खाली कर. तो खालीच होता. दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओ कॉल केला आणि मी स्टुलावर चढून फ्रीजरमध्ये डोकं आणि मोबाइल दोन्ही घालून त्याला आतलं दाखवत बसले. "जरा डावीकडे, ताई. अजून आत." माझी बोटं बधिर झाली होती.

"आत पाणी येतंय का, ते कसं बघू?" मी विचारलं.

"पाण्याचं मी रविवारी बघितलंय," तो म्हणाला. "ते सोडून बाकीचं बघ."

मी बाकीचं बघत राहिले. तो इंजिनियर, त्याने पाहिलंय म्हटल्यावर मी कशाला पाहू? शिवाय बाबांनीच सांगितलं होतं, कळ बंद आहे. कंपनीच्या अ‍ॅपवर मी तक्रार टाकली, त्यातही तेच लिहिलं, दारातली पट्टी काम करत नाही. तिकडून कळलं की पट्टीचा सुटा भाग मागवावा लागेल. मग त्यांच्या माणसाचा फोन, "काल आसबो, दिदी." बंगालीत उद्यालाही काल म्हणतात. इथे जन्मून मला ते नीट माहीत आहे, तरी त्या आठवड्यात मला मराठी अर्थच खरा वाटू लागला, कारण तो रोज काल येणार होता.

तोवर मी जुने साचे काढून त्यात बर्फ लावू लागले. शाळेत जाण्याआधी खडे काढून डब्यात ठेवायचे, फ्रीजरच्या वरच्या कप्प्यात. बाबांचा हात तिथवर पोचत नव्हता, आणि खालचा कप्पा त्या रिकाम्या पेटीने आणि यंत्राने अडवलेला. "बाईंना सांगा, त्या देतील," मी म्हटलं.

मग एका सकाळी मी पदर खोचून घाईघाईत डबा भरत होते, बाबा दाराशी येऊन उभे राहिले. "कळ अजून बंदच आहे का गं?"

"हो बाबा, माहितीय मला," मी म्हटलं. "जरा कळ काढा."

थोडं थांबा, सोसा, एवढाच अर्थ. कोटी आपोआप झाली होती आणि मला ती बरी जमली असंही वाटलं. घरात आता मराठीत कोटी करावी असं दुसरं कुणी उरलेलं नाही, भावाच्या मुलाला साधं वाक्य धड बोलता येत नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं. ते हसतील असं वाटलं होतं. "बरं," म्हणाले, आणि खुर्चीत जाऊन बसले.

त्यानंतर त्यांनी बर्फाचं नाव काढलं नाही. बाईंकडे मागितला नाही, माझ्याकडेही नाही. मी हातात वाटी दिली तर एखादा खडा घ्यायचे, बाकीचा वाटीतच विरघळायचा. बाटलीतलं पाणीसुद्धा संध्याकाळी उरलेलं असायचं. ओठांना भेगा पडल्या, मी रात्री तूप लावायचे. वजन मात्र ताब्यात आलं. डॉक्टरांनी "खूब भालो" म्हणून बाबांचा खांदा थोपटला, जसा काही शाळकरी मुलाचा निकाल लागला आहे. मी ते फॅमिली ग्रुपवर टाकलं. भावाने अंगठा पाठवला, खाली महाराष्ट्रातल्या चुलत भावंडांचे नमस्कार आणि फुलं. त्या फुलांकडे बघताना मलाही वाटलं की चला, बाबांनी मनावर घेतलं.

अखेर तो फ्रीजवाला आला. पट्टीचा नवा भाग पिशवीत घेऊन आला होता. दारातली खाच उघडली, जुनी पट्टी मीटर लावून तपासली आणि मान हलवली. पट्टी ठणठणीत होती. पेटी बघितली, यंत्र बघितलं, मग फ्रीजच्या मागे वाकून बघायचा प्रयत्न करत त्याने विचारलं, "दिदी, कोलटा कोथाय?"

कोल म्हणजे नळ. नळ कुठे आहे, एवढंच तो विचारत होता. असे प्रश्न मी रोज ऐकते. पण त्या वेळी तो शब्द मला त्याच्या तोंडून नाही, आईच्या तोंडून ऐकू आला.

आई सांगलीहून लग्न होऊन इथे आली तेव्हा तिला बंगालीचा गंध नव्हता. "नल बंद करो" असं ती कामवालीला सांगायची आणि ती बिचारी रबरी नळी शोधत फिरायची, कारण बंगालीत नल म्हणजे नळी. नळाला कोल म्हणतात हे आईला कळलं, पण तिच्या सांगलीच्या जिभेला ळ सोडवेना. तिने कोलचं कळ करून टाकलं. आमच्या घरात मग नळ राहिलाच नाही. कळ सोड, कळ बंद कर, कळ वाहतेय वाटतं कुठेतरी. सुट्टीत सांगलीला गेलो की मावश्या हसून बेजार व्हायच्या. बाबा आईशी तसंच बोलायचे आणि आम्हीही. आई गेली आणि मी बाहेर कोल म्हणू लागले, मराठी माणसांत नळ. आमची कळ कुणाच्याच तोंडी राहिली नाही, असं मी समजत होते. बाबांच्या तोंडी ती होती. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, नळ बंद आहे.

आम्ही दोघांनी फ्रीज पुढे ओढला. मागच्या बारीक लाइनवर एक छोटा नळ होता, त्याचा दांडा आडवा केलेला. "केउ बोंधो कोरे रेखेछे," तो म्हणाला. कुणीतरी बंद करून ठेवलाय. त्याने दांडा सरळ केला, लाइनमध्ये पाणी सरसरलं. नवी पट्टी पिशवीत परत टाकून तो जरा घुश्शातच निघून गेला, आणि त्याचा घुस्सा रास्त होता.

मी गॅलरीत जाऊन भावाला फोन केला. "नळ तू बंद केलास?"

"हो. मीच केला. वजन बघितलंस ना किती छान आलंय?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू सांगून टाकली असतीस बाबांना."

"मग मला स्टुलावर चढवून फ्रीजरमध्ये डोकं घालायला कशाला लावलंस?"

"तू विचारत होतीस, ताई. मी काय सांगणार होतो? आणि मी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं का? उगाच वाद झाला असता. त्यांचा रविवार खराब झाला असता."

त्यांचा. मी मनात म्हटलं, तुझा. म्हातारा बाप तहानेने तडफडतो तेव्हा त्याच्या तोंडावर नाही म्हणायची हिंमत लागते, ती या माणसाने आयुष्यात दाखवली नाही. त्याला चांगला मुलगा राहायचं होतं आणि वजनही कमी हवं होतं. दोन्ही त्याला मिळालं. आणि यातलं सगळ्यात चीड आणणारं काय, तर डॉक्टरांच्या हिशेबाने तो बरोबरही होता. मी फोन बंद केला, कारण पुढे जे तोंडात येत होतं ते बोलले असते तर परत जोडता आलं नसतं.

मी बाबांजवळ जाऊन बसले. ते खिडकीबाहेर बघत होते.

"बाबा, फ्रीज सुरू झाला. मागचा नळ बंद होता."

"हो. सांगितलं की मी तुला. कळ बंद आहे म्हणून."

"तुम्हाला कसं कळलं होतं?"

"आत पाणी भरलं की आवाज येतो. तो बंद झाला. जन्म गेला माझा असल्या आवाजांत." मग शांतपणे म्हणाले, "तू म्हणालीस, माहितीय मला, कळ काढा. म्हटलं, हिनेच बंद केलीय, काहीतरी विचार करूनच केली असेल. मग काढली कळ."

इतके दिवस हा माणूस ओठ फाटेपर्यंत तहान मारत बसला होता आणि समजत होता की नळ मी बंद केलाय. ज्या घरात तो मागत नव्हता त्या घरात त्याने दोनदा मागितलं, आणि माझं उत्तर त्याला काय ऐकू आलं होतं? की सोसा.

"तूच केली होतीस ना?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. नुसतं खात्री करून घ्यायला.

उत्तर सोपं होतं. भावाचं नाव. माझ्या जिभेवर ते होतं. दोन दिवसांवर रविवार होता, कोपऱ्यात दाढीचं सामान आणि हँगरला इस्त्रीचा सदरा. मी तो सदरा बघितला आणि मला भावाचा असा काही संताप आला की त्याचं नाव घेणंही नको वाटलं.

"हो," मी म्हटलं. "मीच केली."

बाबांनी मान हलवली. "बरं केलंस. माझा ताबा राहत नव्हता."

मोठेपणा म्हणून मी ते केलं नाही, कुणी तसं म्हणू नये. मला आजही त्याचा जाच होतो. रविवारी भाऊ आला, फ्रीजला भांडं टेकवलं, खळ्ळकन खडे पडले. "बघा बाबा, झाला की नाही सुरू!" म्हणाला. बाबांनी कौतुकाने मान डोलावली. तो माझ्याकडे बघत नव्हता. मी पोळ्या लाटत होते, त्या दिवशी त्या जरा जाडच झाल्या.

फ्रीज आता उत्तम चालतो. आत पाणी भरल्याचा आवाज येतो, पेटी भरलेली असते. बाबा भिंतीला हात लावत लावत फुलपात्र घेऊन जातात. पण पट्टीपाशी पोचले की थांबतात, मी घरात असेन तिकडे बघतात आणि विचारतात, "घेऊ का गं एक?"

"घ्या ना बाबा, विचारता काय," मी म्हणते.

ते एकच घेतात. दुसऱ्या दिवशी परत विचारतात.